अनुभव : निरंक

नाशिकच्या गावठाणातल्या बोळांतून चाला, नाहीतर सिडकोतल्या घरांच्या रांगांतून, थोड्या थोड्या अंतरावर एखाद्या खिडकीच्या गजाला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी दिसतेच. 'येथे ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिवून मिळतील. फॉल-पिको करून मिळेल.' या पाटीवर पूर्वी आणखी एक ओळ हमखास असे : 'शिवणक्लास सुरू आहे.' ही शेवटची ओळ आता बऱ्याच पाट्यांवरून नाहीशी झाली आहे. कुठे रंग उडून पुसट झाली, कुठे पाटी नव्याने रंगवताना ती घालायचं कुणाच्या मनातच आलं नाही.

यात एवढं वाईट वाटून घेण्यासारखं काय, असं कुणी विचारील. टाइपरायटिंगचे क्लास गेले, सायकली भाड्याने देणारी दुकानं गेली, तसाच शिवणक्लासही गेला. काळ काही कुणासाठी थांबत नाही. हे खरं आहे. पण टाइपरायटर गेला तो त्याच्या जागी संगणक आला म्हणून. कपडे घालायचं तर आपण सोडलेलं नाही. उलट कधी नव्हते इतके कपडे आज आपल्या कपाटांत कोंबलेले आहेत. मग ते करायला शिकवणाऱ्या बाईचीच गरज नेमकी कशी संपली? माझं म्हणणं असं, की गरज संपलेलीच नाही. आपण त्या बाईच्या कामाची किंमत कधी मांडलीच नाही, आणि ज्याची किंमत मांडलेली नसते ते गेल्याचंही कुणाला कळत नाही.

आधी त्या क्लासात काय शिकवलं जाई ते पाहू, कारण तरुण वाचकांना ते ठाऊक असण्याचा संभव कमी. घरातल्या बाहेरच्या खोलीत दुपारी दोन तास सतरंजी पडे. एखाददुसरं पायमशीन, एक हातमशीन, भिंतीला टेकवलेली कापायची फळी. शिकायला येणाऱ्यांत दहावीची परीक्षा देऊन बसलेल्या मुली असत, लग्न होऊन नुकतीच आलेली एखादी सून असे, आणि मुलं मोठी झाल्यावर थोडी मोकळी झालेली एखादी चाळिशीची बाईही. पहिले काही दिवस मशीनमध्ये दोरा ओवायचाच नाही. वहीचा रेघांचा कागद सुईखाली धरायचा आणि रेघ न सोडता टीप मारायची. पाय आणि हात एकमेकांशी बोलू लागले, की मग दोरा. मग हेम, काज, बटण, हुक, चुण्या. पहिला कपडा झबलं. मग टोपडं, मग चार कळ्यांचा आणि सहा कळ्यांचा परकर, मग फ्रॉक, आणि सगळ्यात शेवटी ब्लाउज. प्रत्येक कपड्याची आकृती आधी खाकी कागदावर काढायची, लहान मापात कापायची आणि वहीत डिंकाने चिकटवायची. ती फुगलेली वही पुढे अनेकींनी लग्नातल्या अल्बमाइतकीच जपून ठेवली.

भरतकामाचे नमुने मांजरपाटावर किंवा दोसुतीवर. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजटाका, लेझीडेझी. मुलीने रिंगमधून सोडवून नमुना पुढे केला, की चांगली शिकवणारी बाई तो आधी उलटा करून पाही. सुलट बाजूला कुणीही फूल बरं काढतं. दोरा कुठून कुठे ओढलाय, गाठी किती मारल्यात, घाई कुठे केली, हे मागच्या बाजूलाच कळतं. मागच्या बाजूचीही लाज बाळगावी, हा धडा माझ्या समजुतीप्रमाणे कुठल्याही शालेय पाठ्यपुस्तकात नव्हता.

आणि ज्याला आपण 'बायकांचं शिवण' म्हणून बाजूला सारतो, त्यात गणित किती होतं! छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात ढिलाई किती, शिलाईत किती जाणार, मुंढ्याचा बाक कुठून वळवायचा, टक्स किती खोल घ्यायचे. कापड सपाट असतं आणि अंग गोल असतं. सपाट वस्तू गोल वस्तूवर एकही नको ती सुरकुती न पडता बसवायची, ही भूमितीतली साधीसुधी समस्या नव्हे. मुंबईच्या झारापकरांनी कापणीची रीतसर पद्धत पुस्तकात बसवली आणि शिवण शिकणाऱ्या मराठी घरांत त्यांचं आडनाव हेच त्या पद्धतीचं नाव झालं. शाळेत भूमितीचा धसका घेतलेल्या मुली एक मीटर कापडात, पन्हा कमी असताना, बाह्यांसकट ब्लाउज बसवून दाखवत. त्याला गणित म्हणतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे सुई हे बायकांच्या सुटकेचं हत्यार झालं, त्याला इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे आश्रयाला आलेल्या स्त्रियांना अक्षरओळखीबरोबर विणणं, शिवणं, छपाई अशी हाताची कामं शिकवली जात. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथेही शिक्षण आणि रुग्णसेवेच्या जोडीला शिवणकाम होतं. या दोन्ही रमाबाईंना एक गोष्ट पक्की कळली होती. बाईच्या हातात पुस्तक दिलं की घर बिथरतं, सुई दिली की कुणी बिथरत नाही. सुई साळसूद दिसते. 'जरा शिवण शिकून येते' असं सांगून घराबाहेर पडणाऱ्या बाईला सासूही अडवत नसे. त्या दोन तासांत ती शिवण तर शिकेच, पण दुसऱ्या घरांत काय चाललंय ते ऐके, पोस्टातलं खातं कसं उघडतात ते विचारी, कुणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात घातलं ते समजून घेई. शिवणक्लास ही बायकांची दुपारची शाळा होती. फक्त तिच्यावर शाळा अशी पाटी नव्हती.

मशीन घरात आलं तेही असंच पायरी-पायरीने. अमेरिकेत एलायस हॉव याने १८४६ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने आपल्या सुधारलेल्या यंत्राचं. पण सिंगरचं मशीन जगभर गेलं त्यामागे एक वेगळीच कल्पना होती, आणि बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला तिचं विशेष वाटतं. १८५६ साली सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने मशीन हप्त्यांनी द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी द्या, मशीन घरी न्या, बाकीचे दरमहा फेडा. आज आपण मोटारीपासून मोबाइलपर्यंत सगळं हप्त्यांवर घेतो. त्या रीतीचा मोठा पाया एका शिवणयंत्राने घातलेला आहे. मशीन स्वतःच स्वतःचा हप्ता कमावील, हा त्यातला विश्वास होता. यंत्रांविषयी कडक मतं असलेल्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्यात 'उषा'ची देशी मशिनं तयार होऊ लागली. मग मुलीच्या लग्नात भांड्यांच्या शेजारी मशीन मांडण्याची रीतच पडली.

आता बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने जे दिसलं ते सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथे आहे. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२ साली दुर्बळ घटकांसाठी चार टक्के व्याजाची कर्जं सुरू झाली. पुढे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला. मी ज्या शाखांतून काम केलं, तिथे बायकांच्या अर्जात कर्जाचं कारण म्हणून दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येत : दुभतं जनावर किंवा शिलाई मशीन. या अर्जांत 'व्यवसायाचा पूर्वानुभव' असा एक रकाना असे. त्यात बहुतेक जणी एकच शब्द लिहीत किंवा कुणाकडून लिहवून घेत : 'निरंक'.

जरा बोलतं केलं, की त्या निरंकामागून काय काय बाहेर येई! घरातल्या सहा माणसांचे कपडे वीस वर्षं हीच बाई शिवते आहे. शेजारणीच्या बाळंतपणात झबली-टोपडी हिनेच दिली. जून महिन्यात शाळेचे गणवेश उसवून आखूडाचे लांब, लांबाचे आखूड हिनेच केले. नवऱ्याच्या जुन्या धोतरांची आणि स्वतःच्या लुगड्यांची गोधडी हिनेच घातली. गल्लीतल्या चार मुलींना शिकवलंही. पण यातल्या एकाही कामाचा तिला पैसा मिळाला नव्हता, म्हणून तिच्या स्वतःच्या मते तिला अनुभव नव्हता. नवऱ्याने सहा महिने एखाद्या गाळ्यात लेथ चालवलं असेल तर त्याच्या रकान्यात 'अनुभव सहा महिने' असं ठसठशीत लिहिलेलं असे.

दुसरी गोष्टही माझ्या पाहण्यात आली. मशीन मिळालेल्या सगळ्याच बायकांचं मशीन चाललं नाही. काही घरांत वर्षभरात त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकून वर रेडिओ ठेवलेला दिसे. ज्यांचं चाललं, त्यांच्या मागे बहुतेक वेळा एक शिकवणारी बाई उभी असे. तिने नुसतं शिवण शिकवलेलं नसे. 'हे दोन ब्लाउज तू शीव, गिऱ्हाईक माझं, चुकलं तर मी निस्तरते,' असं म्हणून पहिलं काम दिलेलं असे. किती पैसे सांगायचे, उधारी कुणाला द्यायची नाही, कापड कमी पडलं तर गिऱ्हाइकाला आधी कसं कळवायचं, हेही तिनेच शिकवलेलं असे. सरकारने मशीन दिलं, बँकेने कर्ज दिलं, आणि धंदा मात्र उभा केला या बाईने. कुठल्याच योजनेत तिच्यासाठी एक पैसाही ठेवलेला नव्हता.

'अहो, पण हे फावल्या वेळातलं काम!' हा आक्षेप मी कितीदा ऐकला आहे. फावला वेळ! राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कोण दिवसाचा वेळ कसा घालवतो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांत दोघांनीही काम थोडं कमी केलं, अंतर मात्र जिथल्या तिथे राहिलं. जिचे पावणेपाच-पाच तास स्वयंपाक, भांडी, धुण्यात जातात, तिच्याकडे 'फावला' म्हणण्यासारखा वेळ उरतोच कुठे? ती सुया हातात घेते तेव्हा झोपेतला, नाहीतर पाठ टेकण्याच्या वेळेतला तुकडा कापून घेते.

आणि त्या तुकड्यांची बेरीज किती होते, हे एकदा कागदावर मांडायला हवं. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात अशा थंडीच्या जिल्ह्यात हाताने विणलेला स्वेटर ही चैन नव्हती. ३६ इंच घेराचा, २४ इंच उंचीचा साधा स्वेटर घेऊ. बारीक लोकर, इंचाला ६ टाके धरले तर घेरात २१६ टाके होतात. इंचाला ८ ओळी, म्हणजे उंचीत १९२ ओळी. गुणाकार ४१,४७२. गळ्याला आणि मुंढ्याला टाके कमी होतात ते सोडा, पण बाह्या अजून धरलेल्याच नाहीत. सरावाचा हात मिनिटाला ३० टाके घालतो असं मानलं, तरी नुसत्या अंगाला २३ तास लागतात. बाह्या, पट्ट्या, जोडणी, चुकलं म्हणून उसवलेल्या ओळी धरून तीस-बत्तीस तासांच्या खाली काम जात नाही. आठ तासांचा दिवस धरला, तर चार दिवसांची मजुरी. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाला दिवसाचे ३१२ रुपये ठरले होते. म्हणजे अकुशल कामाचा दर लावला तरी लोकर सोडून १,२४८ रुपये होतात. आणि हे काम अकुशल नव्हे. एवढा हिशेब करून आपल्यापैकी किती जणांनी हातच्या स्वेटरची किंमत दिली आहे? 'लोकरीचे पैसे घे हं,' एवढं म्हणून आपण औदार्याचं समाधान मिळवलेलं असतं.

इथे शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजाराचा उल्लेख करायला हवा, कारण नाशिककरांचे बहुतेक स्वेटर आता तिथून येतात. यंत्रावर विणलेला, रंगीत, हलका स्वेटर हातच्या स्वेटरच्या निव्वळ मजुरीहून कितीतरी कमी पैशांत मिळतो. त्या विक्रेत्यांविषयी तक्रार नाही. देश गमावून आलेल्या माणसांनी कष्टाने उभा केलेला तो धंदा आहे. योगायोग असा, की ज्या शरणपूरचं नाव या रस्त्याला मिळालं, तिथेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आणून ठेवली होती. त्यांना अक्षरांबरोबर हातचे कसब शिकवले जात. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा संशोधक लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेतून नेणाऱ्यांत होता. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनचा अंत्यविधी झाला तेव्हाही तो हजर होता. ज्याचं सगळं हिरावलं गेलं आहे त्याला आधी हाताचं काम द्यावं, ही समजूत या रस्त्याला जुनीच आहे.

तयार कपडा स्वस्त का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. यंत्राचा वेग हे एक कारण. दुसरं कारण २४ एप्रिल २०१३ रोजी सगळ्या जगाने पाहिलं. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१००हून अधिक माणसं मेली. वरच्या मजल्यांवर परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. भिंतींना आदल्या दिवशी तडे गेलेले दिसले असूनही कामगारांना आत बोलावण्यात आलं होतं. मेलेल्यांत बहुसंख्य बायका होत्या. याचा अर्थ तयार कपडे घेऊ नयेत असा नाही. पण शिवणाऱ्या हाताची किंमत आपण घरात शून्य धरली, तीच सवय बाजारानेही उचलली. बाजार ती शून्याच्या जवळ न्यायला बघतो, आणि आपण त्याला 'सेल' म्हणतो.

घरबसल्या काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ब्लाउजला हुक लावून देणारी, साड्यांना फॉल लावणारी, कुर्त्यांवर टिकल्या लावणारी बाई यामुळे कामगारही ठरत नाही आणि कारागीरही नाही. ती असते 'घरीच'.

यावर एक आक्षेप खरोखर वजनाचा आहे आणि तो मुली घेतात. त्या म्हणतात, आमच्या आज्यांना शिवण शिकवलं ते शिक्षण टाळण्यासाठी. भावाला कॉलेज आणि बहिणीला शिवणक्लास, हा वाटा आम्हाला पुन्हा नको. ही गोष्ट खरी आहे. 'सुस्वागतम्' भरलेल्या दोसुतीच्या कित्येक चौकटींमागे अर्धवट सुटलेली शाळा आहे. पण त्यात दोष सुईचा नव्हता. दोष हा होता, की सुई फक्त मुलीच्या हातात दिली आणि तिच्या कामाला दाम दिला नाही. बाजारात बसणारा शिंपी पिढ्यान् पिढ्या पुरुषच होता आणि त्याच्या कामाला कुणी फावल्या वेळातलं म्हटलं नाही. तेव्हा उपाय सुई टाकून देण्याचा नाही. मुलग्याच्याही हातात ती द्यावी आणि दाम मोजावा, हा आहे. स्वतःच्या शर्टाचं बटण लावता न येणारा इंजिनिअर ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे.

दाम कुठे मिळतो, तर जिथे कुणीतरी काम निरखून पाहतं तिथे. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याची पैठणी हे उदाहरण समोर आहे. त्या मागावर किती महिने बसावं लागतं हे गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं, २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून गिऱ्हाईक किंमत ऐकून मान डोलावतं. त्याच पैठणीवर ब्लाउज शिवणाऱ्या बाईशी मात्र तेच गिऱ्हाईक पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतं. बेळगाव-धारवाड भागातली कशिदा पाहा. गाठ न मारता, दोन्ही बाजूंनी सारखं दिसेल असं ते भरतकाम. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी असे त्याचे टाके. इरकलच्या पदरावर ते उठून दिसतं आणि जाणकार त्याचे पैसेही मोजतात. आपली गोधडी मात्र आपल्याला कधी कला वाटली नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या गावोगाव पाहून त्यांच्यावर पुस्तक केलं, ते काढलं एका फ्रेंच प्रकाशनाने. आजीच्या लुगड्याच्या चिंध्यांना फ्रान्समधून शाबासकी मिळाली, तेव्हा आपण माळ्यावरच्या गोधड्या खाली काढून झटकू लागलो.

मग करायचं काय? पहिलं, मशीन वाटण्याइतकंच महत्त्व शिकवणाऱ्या बाईला द्यायचं. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरांत शिंपीकामही आहे. प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखाचं कर्ज, अशी तिची मांडणी. शिकणाऱ्याच्या वेळेला पैसे द्यायचे हे सरकारने मान्य केलं, ही मोठी गोष्ट आहे. पण शिकवणारी गल्लीतली बाई यात कुठे बसते? 'उषा' कंपनीने २०११पासून सुरू केलेल्या शिलाई शाळांत गावातल्याच एका बाईला तयार करून तिच्याकडून इतरांना शिकवण्याची पद्धत आहे. ती वाट बरोबर आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५पासून आणि बचत गट १९९०च्या दशकापासून आपल्याकडे आहेत. गटातल्या अनुभवी शिवणाऱ्या बाईला शिक्षिका म्हणून मानधन द्यायला कुणाची हरकत असावी? मोबाइलवर 'मोफत शिलाई मशीन योजना' म्हणून जे संदेश फिरतात त्यांच्या नादी मात्र लागू नका. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने असे संदेश खोटे असल्याचं जाहीर केलेलं आहे. बायका त्यांना फसतात, कारण मशीन हवं ही गरज अगदी खरी आहे.

दुसरं, शाळा. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली. ती आपल्या राज्यातच रुजायला हवी होती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावं असं म्हटलं आहे. ते दहा दिवस कागदी फुलं करण्यात घालवू नका. गल्लीतल्या शिवणाऱ्या बाईला मानाने शाळेत बोलवा, मुलगे-मुली दोघांनाही बसवा, आणि तिला पाहुण्या शिक्षिकेचं मानधन द्या. भूमितीच्या सरांनीही त्या वर्गाला बसावं. मुंढ्याचा बाक फळ्यावर काढून बघावा.

आणि तिसरं काम प्रत्येक घराचं. त्याला ना सरकार लागतं ना शाळा. आपल्या घरात आई असेल, आत्या असेल, आजी असेल, जिने आयुष्यभर शिवलं, विणलं, भरलं, शेजारच्या मुलींना शिकवलं. आज रविवार आहे. तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि तिलाच विचारा : किती वर्षं शिवलं, काय काय शिवलं, कुणाकुणाला शिकवलं, त्यातल्या किती जणींनी पुढे त्यावर घर चालवलं. ती आधी 'अगंबाई, त्यात काय लिहायचं' म्हणेल. तरी लिहा. टाक्यांचा आणि तासांचा गुणाकार करून तिला दाखवा. ती फुगलेली वही ट्रंकेत असेल तर काढा आणि त्यातले कागदी कपडे नातवालाही पाहू द्या. हात अजून चालत असतील, तर चार जणींना नव्हे, चार जणांना शिकवायला सांगा, आणि शिकवणी घ्यायला लावा. फुकट शिकवलेलं फुकट गेल्यासारखंच लोक धरतात.

उद्या तिची नात कर्जाचा अर्ज भरील, तेव्हा 'कुटुंबातील व्यवसायाचा अनुभव' असा रकाना आला तर तिला तिथे निरंक लिहावं लागू नये. चाळीस वर्षं, असं लिहावं. खाली आजीचं नाव घालावं.